समितीच्या टेबलावरची साडी

सीमाभागातल्या आमच्या कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी एक पेटी आहे. प्राचार्यांच्या केबिनला लागून, शिपायाच्या स्टुलाच्या बरोबर वर, कॅमेऱ्यासमोर ती टांगलेली आहे. एखाद्या मुलीला तिच्यात चिठ्ठी टाकायची असेल तर आधी शिपायाला म्हणायचं, "काका, जरा सरकता का," आणि मग टाचा उंचावून टाकायची. ही जागा कुणी निवडली, असं मी पुष्कळांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, तिथं आधीपासून खिळा होता.

त्या पेटीची आणि समितीची जबाबदारी माझ्याकडे आहे. कायद्यानं अध्यक्ष ज्येष्ठ बाई हवी. मी बाई आहे आणि बरीच वर्षं गणित शिकवून ज्येष्ठही झाले आहे, एवढीच माझी पात्रता. पेटीशेजारी समितीची माहिती देणारा फलक आहे, तो कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. आमच्याकडे खानापूर आणि निपाणीकडून येणाऱ्या मुली बहुतेक मराठी शाळांतून शिकलेल्या. खाली चार ओळी मराठीत लिहा, असं मी दरवर्षी सांगते. दरवर्षी उत्तर मिळतं, वरून विचारावं लागेल. हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं, ते मला अजून कळलेलं नाही. वरच्या मजल्यावर तर प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आहे.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मी वर्गातच तोंडी सांगते. कुणी अंगचटीला आलं, घाण मेसेज केले, मार्कांची भीती घालून काही मागितलं, तर माझ्याकडे या. मैत्रिणीला घेऊन या. समितीकडे तक्रार करता येते, पोलिसांत करता येते, दोन्हीकडेही करता येते. काहीच करायचं नसलं तरी नुसतं बोलायला या. मागच्या बाकांवर खुसखुस होते, मी रागावते आणि पुन्हा गणिताकडे वळते.

त्या वर्षी शेवटच्या वर्षातली एक मुलगी आली. निपाणीजवळच्या गावची. वडील ती लहान असतानाच गेलेले, आई विड्या वळणारी आणि घरात शब्द चालायचा तो मामाचा. मुलगी इथं हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी कोल्हापूरच्या गाडीनं गावी जायची. स्टाफरूमच्या भिंतींना कान आहेतच, शिवाय तोंडंही आहेत. म्हणून मी तिला कॅम्पात, लष्करी छावणीच्या शांत भागात, नेलं. तिथल्या चर्चच्या कंपाउंडबाहेर झाडाखाली एक बाक आहे, त्यावर आम्ही बसलो.

तिच्या केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टचे जे सर गाइड होते, ते प्रयोगशाळेत तिच्या मागं येऊन उभे राहायचे. ब्युरेटची काचनळी धरायला शिकवायच्या निमित्तानं कमरेला हात लावायचे. मग मेसेज सुरू झाले. तिनं उत्तर दिलं नाही तेव्हा ते वर्गात सगळ्यांसमोर हसत म्हणाले, काही जणींना प्रॅक्टिकलमध्ये पास व्हायची घाई दिसत नाही. एवढं सांगून ती बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

"मला फकस्त त्येनी परीक्षक नको, मॅडम. प्रॅक्टिकल दिलं की मी सुटलो. घरात कळलं तर मामा दुसऱ्या दिवशी येऊन न्हेतंय मला. शिकायचं म्हणून आमी भांडून आलोय."

आमच्याकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मीही घरी तसंच बोलायची. नोकरीत शुद्ध बोलायची सवय लागली, एवढंच.

मी तिला सगळं नीट सांगितलं. लेखी तक्रार दिलीस तर चौकशी होईपर्यंत तुझे पेपर आणि प्रॅक्टिकल त्या माणसाकडून काढून घ्या, असं समिती सांगू शकते. तुझं नाव गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. सरकारी दवाखान्यात समुपदेशनासाठी बाई असतात, त्यांच्याकडे मी तुझ्याबरोबर येईन. पोलिसांत जायचं की नाही, ते तू ठरवायचंस. शेवटच्या प्रसंगाला तीन महिने व्हायच्या आत तक्रार दिलेली बरी. ती म्हणाली, "विचार करून सांगतो." मी म्हटलं, कर.

तिनं विचार करेपर्यंत मी प्राचार्यांकडे गेले. ना मुलीचं नाव घेतलं, ना सरांचं, ना विभागाचं. फक्त विचारलं, गरज पडली तर ऐन वेळी परीक्षक बदलायची तयारी ठेवता येईल का? प्राचार्य सज्जन आहेत, पण सज्जनपणाला आमच्या भागात एक खोड असते. ते खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, "हुडुगी मराठी का?"

काय झालं, कुठं झालं, मुलगी बरी आहे का, यातलं काही नाही. हुडुगी, म्हणजे मुलगी, मराठी का! मी म्हटलं, ते सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझं मराठी आडनाव आठवलं आणि आपल्यापुरतं उत्तर काढलं. मी बाहेर पडताच त्यांनी संस्थेच्या कुणाला तरी फोन केला असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी भगवे झेंडे होते.

बातमी अशी पसरली होती की मराठी मुलीवर अन्याय झालाय. आणि मुलगी मराठी असेल तर प्राध्यापक कन्नड असणारच, हे बाकीचं गणित गर्दीनं स्वतः सोडवलं होतं. माझ्या विषयाचा असा अपमान मी पूर्वी पाहिला नव्हता. पुढं होता एक पुढारी, आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. माझ्या तासाला तो कधी बसलेला मला आठवत नाही. फाटकावर चढून तो ओरडत होता, "मराठी लेकीला न्याय मिळालाच पाहिजे!" दुपारपर्यंत रस्त्याच्या पलीकडे लाल-पिवळे झेंडे आले. आमच्या कन्नड माणसाला उगाच गोवताय, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या माणसाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मध्ये पोलीस. वरून सीमाप्रश्नावरची सगळी भाषणं नव्यानं सुरू.

प्राचार्य मला म्हणाले, मॅडम, तुम्ही जाऊन दोन शब्द बोला, ते तुमचं ऐकतील. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला ठाऊक होतं, की मी एकच गोष्ट सांगितली असती तर फाटक पाच मिनिटांत मोकळं झालं असतं. ज्याच्याविरुद्ध ती मुलगी बोलली होती, तो माणूस मराठीच होता. नुसता मराठी नव्हे, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांना, सीमाभागाच्या सभांना पहिल्या रांगेत बसणारा, मोर्चात गळा फाडणारा. पण ते सांगायचं म्हणजे माणसाचा माग द्यायचा, आणि माणसाचा माग दिला की मुलीचा लागतो. म्हणून मी गप्प बसले. तोंड दाबून बसणं हा माझा स्वभाव नाही, घरचे सांगतील.

सगळे फाटकाशी गेल्यानं स्टाफरूम रिकामी होती आणि ती मुलगी माझ्या टेबलाशी बसून होती. चेहरा पांढराफटक. "मॅडम, ह्ये माझ्यासाठी हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही गं. हे त्यांचं त्यांच्यासाठी आहे."

तेवढ्यात बाहेर टाळ्या पडल्या. आम्ही खिडकीशी गेलो. पुढाऱ्यानं कुणाला तरी हाताला धरून फाटकाच्या कट्ट्यावर चढवलं होतं. तेच सर! "आपल्या मराठीचा आधारस्तंभ," अशी ओळख करून दिली गेली. सरांनी माइक घेतला. थोडे आढेवेढे घेतले, मग सूर लागला. "आमच्या लेकीबाळींच्या अंगाला हात लावणाऱ्याला ह्या मातीत जागा नाही," असं म्हणून त्यांनी मूठ वर केली. गर्दीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मुलगी आधी हसली. खरंच हसली, तोंडावर हात धरून. मग तिनं खिडकीकडे पाठ फिरवली. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "कागद द्या, मॅडम. लिवतो मी."

तिनं तिथंच बसून तक्रार लिहिली, मराठीत. ऑफिसनं लगेच नाक मुरडलं. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत पाहिजे, म्हणे. तक्रार लेखी हवी असं कायदा म्हणतो, कुठल्या भाषेत ते म्हणत नाही, हे मी त्यांना वाचून दाखवलं. तरी त्यांचं आपलं, मुलीकडून पुन्हा लिहून घ्या. समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून बैलहोंगलकडच्या एक वकीलबाई आहेत. घरी कन्नड, मराठी कशीबशी समजते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, जे झालं ते तिला दोनदा लिहायला लावू नका. मला कोणीतरी वाचून दाखवा, मी समजून घेते. त्या दिवशी भाषेवरून शहाणपणाचं बोललेलं तेवढं एकच माणूस मला भेटलं.

परीक्षक बदलायची शिफारस आम्ही त्याच दिवशी केली. नियमानं तक्रारीची प्रत सरांना द्यावी लागते, ती दिली. गुप्तता त्यांच्यावरही बंधनकारक आहे, असं त्यावर ठळक लिहिलं. सर ती प्रत घेऊन थेट पुढाऱ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दाराशी एक मोठी गाडी थांबली. पुढारी उतरला, त्याच्याबरोबर त्याची दोन माणसं आणि त्यांच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली एक बारीकशी बाई. ती मुलीची आई होती. ह्यांनी निपाणीला जाऊन, घरात बसून, चहा पिऊन सगळं सांगितलं होतं आणि बाईंना गाडीत घालून आणलं होतं. मामालाही कळवलं होतं. ज्या एका गोष्टीला ती पोर घाबरत होती, ती ह्या लोकांनी तिच्या भल्यासाठी करून टाकली होती.

"मॅडम, जरा घोटाळा झाला ओ," पुढारी सोफ्यावर टेकत म्हणाला. "आमाला वाटलं, कुणीतर कानडी असंल. ह्ये तर आपलंच सर निघालं. मराठीसाठी लई केलंय त्येनी."

"म्हणजे हात मराठी असला की चालतो?"

"तसं न्हाय ओ मॅडम. पर आपलं आपल्यात मिटवूया की. बाहेर कळलं तर त्यास्नी आयतंच बोलायला गावतंय."

मग त्यानं गाडीतून एक ताट आणवलं. त्यात साडी, खण आणि नारळ. आमच्या भागात ही रीत आहे. भाऊबंदकी असो, बांधावरचं भांडण असो, एखाद्या बाईला कुणी वाईट बोललेलं असो, तिला साडीचोळी करायची, लेक किंवा बहीण मानायची, की विषय संपला. ज्यानं केलं तो मोकळा होतो आणि जिला झालं तिनं वर नमस्कार करायचा. माझ्या लहानपणी गावात मी हे बघितलंय आणि तेव्हाही मला ते आवडलं नव्हतं.

"सरांनी लेक मानलंय तिला," पुढारी म्हणाला. "साडी घेतली की झालं. मामाबी म्हणतोय, पोरीला आता घरी आणा, बदनामी नको."

मी उभी राहिले. म्हटलं, समेट करायचा की नाही ते फक्त त्या मुलीनं ठरवायचं आणि तिनं तसं काही मागितलेलं नाही. ताट उचला. मी आणखीही पुष्कळ बोलले, त्यातलं काही इथं लिहिण्याजोगं नाही. पुढारी हसत होता. चिडलेल्या बाईला कसं हसायचं, हे ह्या लोकांना उपजतच येतं.

आई इतका वेळ खुर्चीच्या कडेला बसून होती. ती पहिल्यांदाच बोलली. "ही साडी सरांनीच दिलीया न्हवं?"

"व्हय आक्का, त्येनीच. त्येंच्या मालकिणीनं दुकानात जाऊन निवडलीया."

"द्या हिकडं," आई म्हणाली, आणि ताटातली साडी उचलून तिनं आपल्या पिशवीत घातली. खण आणि नारळही घेतला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढारी खूश होऊन उठला. आई दारात थांबून मला म्हणाली, "लेकीचं प्रॅक्टिकल कवा हाय?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ती मान हलवून गाडीत न बसता चालत हॉस्टेलकडे निघून गेली. त्या बाईचा मला मनापासून राग आला. पोरगी एवढी धडपडली आणि आईनं एका साडीवर मिटवलं, असंच मी समजले. मी मुलीला फोन केला. "आईनं साडी घेतली व्हय?" एवढंच ती म्हणाली. फोन ठेवताना माझ्या मनात आलं, आता ही उद्या तक्रार मागं घेईल आणि परवा निपाणीच्या गाडीत बसेल.

ती बसली नाही. समितीपुढं जबाब देण्याच्या दिवशी वेळेवर आली, आईला घेऊन. दोघींचं आपसांत काय बोलणं झालं होतं, ते मी विचारलं नाही.

सरांचा जबाब त्याच सकाळी आधी झाला होता. आम्ही दोघांना समोरासमोर आणत नाही. सर स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले होते. ते म्हणाले, माझ्या हाताखालून इतक्या मुली जातात, ही कोण ते मला चेहऱ्यानंसुद्धा आठवत नाही. मेसेज चुकून गेले असतील, बाकी काही घडलेलं नाही, कुणीतरी तिला माझ्याविरुद्ध उभं केलंय. सगळं लिहून घेतलं आणि त्यांनी खाली सही केली. अक्षर मात्र सुंदर.

मग मुलगी आत आली. ती नीट बोलली. मध्ये एकदा थांबली, वकीलबाईंनी पाणी पुढं केलं, मग पुन्हा बोलली. मेसेज दाखवले. तिचं झाल्यावर आईनं पिशवीत हात घातला आणि ती साडी घडीसकट समितीच्या टेबलावर ठेवली. वर खण, वर नारळ.

"ह्येबी लिवून घ्या," ती म्हणाली. "ज्येनं काय केलंच न्हाय, त्यो माझ्या लेकीला साडी कशाला धाडतोय?"

वकीलबाईंना मी कन्नडमध्ये सांगितलं, तशा त्यांनी सरांचा जबाब पुढं ओढला आणि 'चेहऱ्यानंसुद्धा आठवत नाही' ह्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मी आईला विचारलं, त्या दिवशी माझ्या घरातच हे का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "सांगटलं असतं तर साडी माघारी न्हेली असती. मग उद्या त्येनीच म्हणलं असतं, आमी दिलीच न्हाय." मी तिच्यावर किती चिडले होते, ते मी तिला सांगितलं. "कळत होतं मला," ती म्हणाली आणि हसली.

साडी कुणी दिली, हे विचारायला आम्ही पुढाऱ्याला बोलावलं. तो आनंदानं आला. सरांनीच दिली, माझ्या हातानंच पोचवली, आम्ही चांगल्यासाठीच करत होतो, असं अभिमानानं सांगून त्यानं सही केली. आपण काय लिहून देतोय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा तो मला रस्त्यात भेटून म्हणाला, "मॅडम, तुमी आपल्या माणसाचा घात केला." मी म्हटलं, "माझं माणूस ती पोरगी होती." तो गाडी सुरू करून निघून गेला.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं, असं मुळीच नाही. आम्ही अहवाल दिला, संस्थेनं तो बराच काळ वाचला. पोलिसांत जायचं नाही, असं मुलीनं ठरवलं, तो तिचा निर्णय. सर शेवटी गेले, पण कागदोपत्री 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' देऊन. कुठल्याशा हॉलमध्ये त्यांना शाल आणि नारळ देऊन निरोपही दिला गेला. मला निमंत्रण नव्हतं. पेटी अजून त्याच खिळ्याला आहे. फलकाखालच्या मराठी ओळी मात्र मी स्वतः कागदावर लिहून चिकटवल्या. कुणी फाडला की पुन्हा लिहिते. वरून अजून उत्तर आलेलं नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक बाहेरचे होते. आई प्रयोगशाळेसमोरच्या पायरीवर सकाळपासून बसून होती. मामाचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. मुलगी बाहेर आली तेव्हा बोटांना कसलेतरी डाग होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "रीडिंग बरोबर आलं, मॅडम."

फाटकाशी तिच्या नावानं दोन्हीकडचे झेंडे नाचले, घसे बसले, गाड्या धावल्या, समेट ठरले. त्या गर्दीतल्या एकाही माणसानं आजवर मला विचारलेलं नाही, की त्या पोरीचं पुढं काय झालं. न विचारताच सांगते, पास झाली.